आबा, तुमची वाक्यं

आबा,

परवा वाचनालयाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. नऊ माणसं बोलली. मी बोलले नाही. आपली नाटकं बसवणाऱ्या दिलीपने माझं नाव पुकारलं, "बारा वर्षं आबांच्या बायकोचं काम करणाऱ्या कुसुमताई" असं म्हणाला, तेव्हा मागच्या रांगेतले काही लोक हसले. तुम्हाला ते हसणं आवडलं असतं. मी उठले, टेबलापर्यंत गेले. टेबलावर तुमचा फोटो होता, तोही मेकअपमधला, पांढऱ्या मिशा चिकटवलेला. घरभर शोधूनही तुमच्या खऱ्या बायकोला, शालिनीवहिनींना, तुमचा बिनमेकअपचा, एकट्याचा फोटो सापडला नव्हता. मी त्या मिशांकडे पाहिलं आणि परत येऊन खुर्चीवर बसले.

लोकांना वाटलं, बाईला हुंदका आवरला नाही. हुंदका नव्हता आबा. मला जे बोलायचं होतं ते हॉलभर माणसांसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं. ते फक्त तुमच्याशी बोलायचं होतं. गेले आठ महिने बोलायचं होतं. दर शनिवारी मी ठरवून तुमच्या घरी यायचे आणि चहा पिऊन परत जायचे.

आता कुठे जाऊ?

काल शाळेत शेवटचा तास शिकवून झाल्यावर उगाचच स्टँडवर गेले. नियंत्रण कक्षाच्या खिडकीत, तुमच्या जुन्या जागी, माईकसमोर एक पोरगेला माणूस बसला होता. "चांदवड, मालेगावमार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागली आहे" असं म्हणाला. बरोबरच म्हणाला. पण तुम्ही 'चांदवड' म्हणायचात तेव्हा चांदवडचं एखादं माणूस आपोआप पिशवी उचलायचं. तुम्ही एकदा मला समजावलं होतंत, "गाडीचं नाव नाही सांगायचं गं. ज्याला घरी जायचंय त्याला हाक मारायची." मी तासभर बाकावर बसून राहिले. एका बाईने विचारलं, "ताई, कोणती गाडी?" मला सांगता येईना.

तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात ते मला अजून काल घडल्यासारखं आठवतं. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा होता. आमच्या वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमात मी एकटीने एक छोटं नाटुकलं केलं होतं. ते पाहणाऱ्यांत तुम्ही होतात हे मला माहीतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही शालिनीवहिनींना घेऊन थेट नाशिकरोडला आमच्या घरी आलात. माझे वडील, दादा, मालधक्क्यावर मुकादम. माणूस तोलून बघायची त्यांना सवय. त्यांनी तुम्हाला खाटेवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"नाटकात आमची पोरगी कुनाची बायको व्हनार?" दादांनी विचारलं.

"माझी," तुम्ही म्हणालात.

"तुमचं वय काय हाय?"

"त्रेचाळीस. पण नाटकात आम्ही दोघंही साठीच्या पुढचे आहोत. तीन अंक आम्ही फक्त भांडतो."

दादा पहिल्यांदा हसले. "आन परत आनून कोन सोडनार?"

वहिनी मध्येच म्हणाल्या, "मी सोडीन. मी रोज येईन."

आणि त्या खरंच आल्या. पहिलं वर्षभर तालमीला येऊन कोपऱ्यात विणकाम करत बसायच्या आणि मला घरापर्यंत पोहोचवायच्या. पण दादांना पटलं ते त्यामुळे नाही. तुम्ही त्या दिवशी पाणी मागून घेतलंत, आईने दिलेला चहा प्यालात, आणि "अजून अर्धा कप मिळेल का?" असं विचारलंत. त्या वेळी आमच्या घरी येणारे सगळेच काही पाणी मागत नसत. तुम्ही गेल्यावर दादा एवढंच म्हणाले, "मानूस बरा हाय. जा तू."

मी बावीस वर्षांची होते. तुम्ही मला म्हातारी करायला घेतलंत. मी कंबरेत वाकून, हात थरथरवत चालून दाखवलं, तेव्हा तुम्ही डोक्याला हात लावलात. "वाकू नकोस. म्हातारं माणूस उठायच्या आधी कशाला धरायचं ते बघतं. खुर्चीचा हात, भिंत, टेबल. तेवढं बघ, म्हातारपण आपोआप येतं." तुम्ही स्वतः अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा म्हातारे झाला होतात. कुणी तरी आजारी पडलं म्हणून नायकाच्या बापाचं काम मिळालं आणि मग कायमचे बापच झालात. बाप, डॉक्टर, इन्स्पेक्टर, वकील, सावकार, शाळेचा शिपाई. दुसऱ्या अंकात मरणारे, पहिल्या अंकात बातमी देऊन जाणारे. प्रत्येक कामासाठी तुमची एक छोटी वही असायची. इन्स्पेक्टरची तीन वाक्यं असली तरी तुम्ही दिग्दर्शकाला विचारायचात, "हा जेवून आलाय की उपाशी आहे?" दिलीप तेव्हा नवीन होता. तो वैतागायचा. "आबा, त्याला फक्त 'चला चौकीवर' म्हणायचंय." तुम्ही म्हणायचात, "उपाशी असेल तर तो घाईने म्हणेल."

आणि तो सिनेमा. त्र्यंबकच्या रस्त्यावर शूटिंग होतं, तुम्हाला गावच्या डॉक्टरचं काम मिळालं होतं. चार दिवस रजा काढलीत. दोन पानी प्रवेश होता तुमचा. वर्षाने सिनेमा लागला तेव्हा आपण सगळे गेलो, स्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टरसुद्धा. पडद्यावर नायकाची आई अंथरुणावर होती आणि कडेने एक हात आला, तिची नाडी धरली, आणि प्रवेश संपला. तेवढेच तुम्ही. तोंड नाही, आवाज नाही. बाहेर आल्यावर कुणाला काय बोलावं कळेना. तुम्ही चप्पल घालता घालता वहिनींना विचारलंत, "नाडी बरोबर धरली होती ना?" आम्ही सगळे इतके हसलो की रडल्यासारखे झालो. तुम्ही घरी गेल्यावर काय केलंत ते मी कधी विचारलं नाही.

माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही पुन्हा एकदा परवानगी मागायला गेलात, या वेळी माझ्या सासरी. मुलगी झाली तेव्हा तीन महिने प्रयोग थांबवलेत. "दुसरी बायको आणायची नाही," असं दिलीपला सांगितलंत. आबा, हे सगळं मी का लिहिते आहे? तुम्ही माझ्यासाठी काय काय केलंत हे आठवून मी स्वतःला जास्त छळते आहे. पण आठवलं नाही तर मी काय केलं त्याचं मापही कळत नाही.

मालेगावचा तो दुपारचा प्रयोग. चारेक वर्षं झाली असतील. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट, आत थिएटर भरलेलं. दुसऱ्या अंकात तुम्ही बाहेरून यायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं, "मुलीचं लग्न ठरवून आलो." तुम्ही आलात, टोपी काढलीत आणि थांबलात. मला आधी वाटलं, नवीन काही तरी करताय. मग मी तुमचे डोळे पाहिले. त्या डोळ्यांत काहीच नव्हतं आबा. तुम्ही माझ्याकडे अशा नजरेने पाहत होतात जसं एखादं माणूस अनोळखी स्टँडवर उतरून पाट्या शोधतं.

मी म्हटलं, "काय हो, असे उभे का? मुलीचं लग्न ठरवायला गेला होतात ना? ठरलं का?"

"ठरलं," तुम्ही म्हणालात. "तेच सांगायला आलोय. पण तू बोलू देशील तर ना."

थिएटर हसून हसून कोसळलं. ते वाक्य नाटकात नव्हतं. तुम्ही दोन क्षणांत परत आला होतात आणि येताना एक हशा घेऊन आला होतात. प्रयोगानंतर लोक म्हणाले, नवरा-बायको असावीत तर अशी. तुम्ही मेकअप पुसत होतात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. मीही काही विचारलं नाही.

त्यानंतर ते होत राहिलं. आधी तीन-चार प्रयोगांतून एकदा, मग प्रत्येक प्रयोगात. तुम्ही थांबलात की मी बायकोच्या तोंडाने तुमचं वाक्य पुढे सरकवायचे. "तुम्ही सकाळी म्हणत होतात ना..." "शेजारच्या काकांना तुम्ही काय सांगितलंत?" मी तुमची सगळी वाक्यं पाठ केली. माझी बोलत असताना एक कान तुमच्याकडे असायचा. नाटकातलं आपलं भांडण त्यामुळे इतकं खरं वाटू लागलं की लोक पुन्हा पुन्हा बघायला यायचे. आणि आपण दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मनातून माझे आभार मानताय. मला तसं वाटून बरं वाटायचं. गर्व म्हणा हवं तर.

मग स्टँडवर ते झालं. तुम्ही त्र्यंबकची गाडी पेठची म्हणून सांगितलीत. एक बाई मुलाला घेऊन बसली, निम्म्या वाटेत उतरून परत आली आणि तुमच्या खिडकीसमोर उभी राहून तिने भांडण काढलं. तुम्हाला माईकवरून काढून आतल्या खोलीत नोंदवह्यांच्या टेबलावर बसवलं. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "घसा बसतो हल्ली. मीच मागून घेतलं." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

त्याच सुमारास दिलीपने नवीन नाटक लिहिलं. निवृत्त पोस्टमास्तरचं. आयुष्यभर लोकांची पत्रं वाटणारा माणूस, ज्याचा मुलगा घर सोडून गेला आणि ज्याला स्वतःला एक पत्र येत नाही. वाचन झालं त्या दिवशी दिलीपने वहीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हे आबांसाठी लिहिलंय." तुम्ही खाली मान घालून बसलात. बापाचं काम होतं, पण या वेळी नाटकच बापाचं होतं. पंचावन्न वर्षांचे झाला होतात. पहिल्यांदा पोस्टरवर वर नाव येणार होतं. वहिनींनी पेढे आणले.

माझं काम त्यात छोटं होतं, शेजारणीचं. तिसऱ्या अंकात मी नव्हतेच. तिसऱ्या अंकात कुणीच नव्हतं, तुम्ही एकटे. वीस मिनिटं एकट्याने बोलायचं.

आता तो बुधवार. तो मी किती वेळा आठवला आहे, त्याची गणती नाही. जुन्याच नाटकाची तालीम होती, चांदवडच्या प्रयोगासाठी. तुम्ही एका वाक्यावर रेंगाळलात. मी सवयीने पुढे ढकललं. तुम्ही हात वर केलात, तालीम थांबवलीत, आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "कुसुम, माझी वाक्यं खाऊ नकोस. तीन वर्षं बघतोय मी. मला पूर्ण बोलू देत जा."

नवीन मुलं-मुली बघत होती. मी "बरं आबा" म्हटलं. तीन वर्षं मी तुम्हाला सावरते आहे असं मला वाटत होतं, आणि तुम्हाला वाटत होतं मी तुमचं काम हिसकावते आहे. घरी जाताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. रागाने रडले. मनात म्हटलं, आता एकदा खाऊ देत माती, मग कळेल.

शुक्रवारी दिलीप शाळेत आला. मधली सुट्टी होती. वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "ताई, एकच विचारतो. आबांना तिसरा अंक झेपेल?"

मी फळा पुसत होते.

"तुम्ही रोज त्यांच्याबरोबर उभ्या असता. तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही. खरं काय ते सांगा."

"नाही झेपणार," मी म्हटलं.

"नक्की?"

"ते वाक्यं विसरतात. तीन वर्षं मी पुढे ढकलते आहे. एकटे उभे राहिले तर पडतील."

दिलीप "बरं झालं सांगितलंत" म्हणाला आणि गेला. मी फळा पुसतच राहिले.

आबा, ते खरं होतं. मी खोटं बोलले नाही. तुम्ही भरल्या थिएटरसमोर एकटे उभे आहात, डोळे तसे रिकामे, आणि समोर कुणीतरी शिट्टी मारतंय, हे चित्र मला सहन होत नव्हतं. हे अगदी खरं आहे. पण बुधवारी तुम्ही मला बोलला नसतात तर शुक्रवारी मी असंच उत्तर दिलं असतं का? मला माहीत नाही. हेच मला खातंय. मी म्हटलं असतं, "मला विंगेत उभी करा, मी बघते." हे मला सुचलं असतं. त्या दिवशी सुचलं नाही, की सुचूनही म्हणाले नाही?

मालेगावचे एक निवृत्त हेडमास्तर आले पोस्टमास्तर व्हायला. तुम्हाला दिलीपने तार घेऊन येणाऱ्या शिपायाचं काम दिलं. चार वाक्यं. मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल, निघून जाल, भांडाल. तुम्ही वही काढलीत आणि विचारलंत, "हा शिपाई सायकलवर येतो की चालत?"

त्यानंतरच्या शनिवारी मी तुमच्याकडे आले. सांगायचंच ठरवून आले. जिना चढताना वरून तुमचा आवाज आला. मी चौथ्या पायरीवर थांबले. तुम्ही तिसरा अंक म्हणत होतात. पोस्टमास्तरचा. सुरुवातीपासून. मी ती वीस मिनिटं भिंतीला धरून उभी राहिले. एकदाही अडखळला नाहीत. मुलाच्या जुन्या शाळेच्या दाखल्याशी पोस्टमास्तर बोलतो तो भाग तुम्ही इतका हळू म्हटलात की मी आणखी एक पायरी वर चढून ऐकला. वाटलं, धावत दिलीपकडे जावं आणि म्हणावं, मी चुकले. पोस्टरं छापून झाली होती. हेडमास्तर रोज मालेगावहून येत होते. आणि मी काय म्हणणार होते? घरात, दुपारी, एकट्याने म्हणणं वेगळं, दिव्यांसमोर वेगळं. दिव्यांसमोर कदाचित अडला असतात. कदाचित नसता. हे आता कुणालाच कळणार नाही.

मी वर आले. तुम्ही घाम पुसत होतात.

"ऐकलंस का?"

"नाही, आत्ताच आले."

वहिनी चहा ठेवून आत गेल्या. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत विचारलंत, "कुसुम, दिलीपला कुणी सांगितलं असेल गं?"

"काय?"

"मी विसरतो म्हणून."

माझ्या हातात कप होता. मी म्हटलं, "मला काय माहीत आबा."

तुम्ही माझ्याकडे वळलात. काही क्षण पाहिलंत. मग म्हणालात, "चहा घे. गार होईल."

त्यानंतर मी दर शनिवारी आले. तुम्ही पुन्हा कधी तितकं सरळ विचारलं नाहीत. पण बोलता बोलता थांबायचात आणि वाट बघायचात. मला वाटायचं, पुढचं वाक्य आठवत नाहीये.

पोस्टमास्तरच्या नाटकाचा पहिला प्रयोग आठवतो? मी डाव्या विंगेत होते, तुम्ही उजव्या. तुमची चार वाक्यं झाली होती. टोपी काखेत धरून उभे होतात, घरी गेला नव्हतात. तिसऱ्या अंकात हेडमास्तर अडले. दाखल्याच्याच जागी. प्रॉम्प्टरला पान सापडेना. सगळं थिएटर गप्प. आणि मग तुमच्या विंगेतून, फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, ते वाक्य आलं. मी तुमचे ओठ पाहिले. हेडमास्तरांनी ते उचललं आणि पुढे गेले. तुम्ही एक वाक्य दिलंत आणि थांबलात. त्यांना पूर्ण बोलू दिलंत.

पडदा पडल्यावर हेडमास्तर तुमच्या पाया पडले. तुम्ही त्यांना उठवलंत, "छान झालं" म्हणालात. मी दहा पावलांवर होते आबा. तेव्हा यायला हवं होतं. तुमचा हात धरून तिथेच सांगायला हवं होतं. मी शेजारणीचं लुगडं बदलायला गेले.

तुम्ही गुरुवारी गेलात. दुपारी, स्टँडच्या आतल्या खोलीत, डबा उघडून ठेवला होता आणि खुर्चीतच मान टाकलीत. मला शाळेत निरोप आला. दोन दिवसांनी शनिवार होता. त्या शनिवारी सांगणारच होते, असं मी आता म्हणते. प्रत्येक आठवड्यात तसंच म्हणत होते.

आता परवाचं सांगते. शोकसभा संपल्यावर मी वहिनींना घरी सोडायला गेले. एके काळी त्या मला सोडायच्या तशी. त्यांनी दिवा लावला, मला बसायला सांगितलं आणि स्वतः समोर बसल्या. या वेळी आत गेल्या नाहीत.

"कुसुम, आज तू बोलली नाहीस," त्या म्हणाल्या.

"मला जमलं नाही वहिनी."

"त्यांना माहीत होतं."

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"दिलीपने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना. ह्यांनी हट्टच धरला नाव सांग म्हणून. त्याने सांगितलं."

"मग ते मला का विचारत होते?"

"तू सांगशील म्हणून." वहिनी पदराशी चाळा करत होत्या. "तू आलीस की मी चहा ठेवून आत जायचे ना, ते उगाच नाही. ह्यांनीच सांगितलं होतं. म्हणाले, माझ्यासमोर तिला जड जाईल, तुझ्यासमोर तर बोलणारच नाही."

"रागावले होते का माझ्यावर?"

मला वाटलं त्या नाही म्हणतील. माणूस गेल्यावर सगळे तसंच म्हणतात. त्या म्हणाल्या, "रागावले होते. खोटं कशाला सांगू? त्या नाटकासाठी नाही गं फार. म्हणायचे, तिने मला येऊन सांगायचं ना, आबा तुम्ही विसरताय. तीन वर्षं मला वाटत होतं ही मध्ये मध्ये बोलते. मला कुणी सांगितलंच नाही."

आबा, म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं. मालेगावपासून तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला वाटत होतं वाक्य तुम्हीच बोललात. आणि मी तीन वर्षं समजत होते की आपल्या दोघांत एक न बोललेला करार आहे. करार माझा एकटीचाच होता.

मी रडायला लागले. वहिनींनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "पण शनिवारी तुझी यायची वेळ झाली की शर्ट बदलायचे. मी चिडवायचे, नाटकातली बायको येणार म्हणून का? तर म्हणायचे, आज सांगेल बघ ती."

आठ महिने. बत्तीस-तेहतीस शनिवार झाले असतील. तुम्ही तितके शर्ट बदललेत.

दिलीप म्हणतो, शिपायाच्या कामाला कुणी तरी नवीन घेऊ. चार वाक्यं तर आहेत. मी त्याला म्हटलं, घे. शिपाई सायकलवर येतो, दमलेला असतो, एवढं त्याला सांग. पुढच्या महिन्यात मालेगावला प्रयोग आहे. मी जाईन बहुतेक. मला दुसरं काय येतं? तुम्ही जे शिकवलंत तेच.

पण त्याआधी हे झालं पाहिजे. इथे कुणी नाही. मुलगी शाळेत गेली आहे, मी आज रजा टाकली आहे, घर रिकामं आहे, मी टेबलाशी बसले आहे. तुम्ही विचारलं होतंत, दिलीपला कुणी सांगितलं असेल गं.

मी सांगितलं, आबा. शुक्रवारी, मधल्या सुट्टीत, वर्गात उभी राहून. तुमची काळजी होती आणि तुमच्यावर रागही होता, दोन्ही होतं, आणि किती कशाचं होतं ते मला अजून वेगळं करता येत नाही. तुमच्याकडे आधी यायला हवं होतं. आले नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. तिसरा अंक मी जिन्यात पूर्ण ऐकला होता, तेही लपवलं.

तो फार चांगला झाला होता, आबा. एकही वाक्य चुकलं नव्हतं.